पिशवी आणि अंडाशय काढायचं ऑपरेशन: खालून, दुर्बिणीनं की पोटावरून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात स्त्रियांच्या वॉर्डात आणि थिएटरात मिळून बावीस वर्षं मी सिस्टर म्हणून काम केलं. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या, निपाणीत विड्या वळणाऱ्या, वडगाव-शहापुरात मागाच्या कामावर असलेल्या, चंदगडहून एस.टी.नं येणाऱ्या बायका ऑपरेशनच्या आदल्या रात्री जे प्रश्न हळूच विचारतात, तेच इथे घेतले आहेत. सकाळी राऊंडला डॉक्टर "काही विचारायचंय का?" म्हणतात तेव्हा सगळ्या माना हलवून नाही म्हणतात. रात्री दहाला बीपी बघायला गेलं की हात धरून बसवून घेतात.

अंडाशय, ओव्हरी आणि बीजकोश ही एकाच अवयवाची नावं आहेत. पुढे मी अंडाशय म्हणेन, आणि गर्भाशयाला आपण सगळ्या म्हणतो तसं पिशवी.

पिशवी काढायची म्हणजे अंडाशयही काढावेच लागतात का?

नाही. रस्ता कुठला, टाके किती, खर्च किती, हे प्रश्न या प्रश्नानंतरचे. पिशवी काढणं हा एक निर्णय आणि अंडाशय काढणं हा दुसरा. डॉक्टरांच्या खोलीत दोन्ही एकाच वाक्यात उरकले जातात, म्हणून घरी आल्यावर बाईला नक्की काय ठरलं ते सांगता येत नाही.

पिशवी गेली की पाळी थांबते आणि मूल होत नाही. अंडाशय गेले की इस्ट्रोजेन हे हार्मोन बनायचं थांबतं, तेही हळूहळू नाही, चार दिवसांत. वयानं पाळी जाते तेव्हा शरीराला सवय व्हायला काही वर्षं मिळतात. ऑपरेशननं जाते तेव्हा ती मिळत नाहीत. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय काढले आणि पुढे हार्मोन दिलं नाही तर हाडं ठिसूळ होणं, हृदयविकार, आणि उतारवयात स्मरणशक्ती कमी होणं, या सगळ्याचा धोका वाढतो.

माझी मोठी मावशी खानापूरजवळच्या खेड्यातली. अडतिसाव्या वर्षी, पाळीत फार जातं म्हणून तिची पिशवी काढली. टाके भरले, ती रोप लावणीला परत उभी राहिली, सगळे खूश. सेहेचाळिसाव्या वर्षी परड्यात पाय घसरून बसली तर मनगट मोडलं. पुढच्याच वर्षी पाठीचा मणका दबला. मी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. तिनं पत्र्याच्या ट्रंकेतून, लग्नातल्या शालूच्या घडीखालून, डिस्चार्ज कार्ड काढून माझ्या हातात दिलं. निळ्या शाईत एकच ओळ होती: टी.ए.एच. विथ बी.एस.ओ. टी.ए.एच. म्हणजे पोटावरून पिशवी काढली, आणि बी.एस.ओ. म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशय काढले. नऊ वर्षं ते कार्ड घरात होतं. मावशीला ठाऊक नव्हतं, काकांना ठाऊक नव्हतं. कॅल्शियमची एक गोळीसुद्धा तिला कुणी सांगितली नव्हती. त्या वेळी रडून ती मला एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं गं."

पण ठेवले तर पुढे त्यात कॅन्सर होईल, असं सांगतात.

आपल्या देशात आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर शंभरात एका बाईलाही होत नाही. घरात आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला अंडाशयाचा किंवा तरुण वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते डॉक्टरांना आपणहून सांगायलाच हवं. तसं काही नसेल आणि पाळी अजून चालू असेल, तर नुसत्या भीतीपोटी चांगले अंडाशय काढू नयेत, असंच आज जगभरातले तज्ज्ञ सांगतात.

मधला एक चांगला मार्गही आहे. अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बरेचसे कॅन्सर खरं तर शेजारच्या गर्भनलिकेत सुरू होतात. म्हणून पिशवी काढताना दोन्ही नळ्या काढायच्या आणि अंडाशय जागेवर ठेवायचे. नळ्या गेल्यानं हार्मोनला धक्का लागत नाही. "नळ्या काढा, अंडाशय ठेवा, असं माझ्या बाबतीत चालेल का?" असं सरळ विचारा.

मग अंडाशय काढणं खरोखर कुणाला लागतं?

पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असेल, अंडाशयावर संशयास्पद गाठ असेल, किंवा एंडोमेट्रिओसिसनं (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजारानं) दोन्ही अंडाशय पार चिकटून खराब झाले असतील तर. रक्ततपासणीत बीआरसीए जनुकातला दोष (स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा, घराण्यातून येणारा) निघाला असेल तर पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, मुलं झाल्यावर, ते काढायचा सल्ला देतात. पाळी जाऊन काही वर्षं झालेली असतील तर काढण्यातला तोटा कमी होतो, तिथे दोन्ही बाजू ऐकून बाईनं ठरवावं. चाळिशीतल्या बाईचे चांगले अंडाशय केवळ "आता पोट उघडलंच आहे तर" म्हणून काढणं मला कधीच पटलेलं नाही.

ऑपरेशनच टळेल असं काही नाही का?

पुष्कळदा असतं. पाळीत जास्त जातं यावर आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि वय चाळिशीपुढे असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासणं हे व्हायला हवं. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या आहेत. पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आहे, ती पाच वर्षं तरी चालते. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्यावर पिशवी काढायची नसते.

आपल्या सीमाभागातल्या साखर कारखान्यांवर दर हंगामाला बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. त्याच बीड जिल्ह्यात २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. विनाकारण होणारी ही ऑपरेशनं थांबवण्यासाठी केंद्रानं मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि ती तीन महिन्यांत लागू करा असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना बजावलं. चाळिशीच्या आतल्या बाईला पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय तारीख घेऊ नका. एवढी पायपीट झालीच पाहिजे.

रस्ते किती आणि त्यांत फरक काय?

मुख्य तीन.

खालून, म्हणजे योनिमार्गातून. पोटावर एकही टाका येत नाही. आपल्याकडे "बिनटाक्याचं" म्हणतात ते बहुतेक हेच, पण काही ठिकाणी दुर्बिणीच्या ऑपरेशनलाही तेच नाव देतात, म्हणून खुलासा करून घ्या. अंग बाहेर येत असेल तर हा रस्ता ठरलेलाच. तसं नसेल तरी, पिशवी फार मोठी नसेल आणि मुलं नेहमीच्या बाळंतपणानं झाली असतील, तर खालून चांगलं होतं.

दुर्बिणीनं. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात, बेंबीतून कॅमेरा आत जातो, बाजूला अर्ध्या-एक सेंटिमीटरची दोन-तीन भोकं पाडतात. आतून सगळं सोडवून पिशवी आणि अंडाशय खालच्या वाटेनं बाहेर काढतात.

पोटावरून. बेंबीखाली आडवा किंवा उभा छेद. आडवा छेद सिझरसारखा असतो. गाठ मोठी असेल किंवा कॅन्सरचा संशय असेल तर उभा घेतात.

२०१५ साली जगभरातल्या ४७ अभ्यासांचा, त्यांतल्या ५,१०२ बायकांचा, एकत्र आढावा घेतला गेला. कॅन्सर नसलेल्या आजारांत आधी खालून जमतं का ते बघा, ते शक्य नसेल तर दुर्बीण, आणि दोन्ही बसत नसतील तर पोटावरून, असा त्याचा निष्कर्ष. खालून आणि दुर्बिणीनं केलेली बाई लवकर हिंडूफिरू लागते, जखमेत पू होण्याचं प्रमाण कमी असतं, दुखतंही कमी. पोटावरच्या ऑपरेशनला दवाखान्यात साधारण तीन ते पाच दिवस लागतात, बाकी दोन्हींना एक ते तीन.

तरी सगळ्यात जास्त वजन मी शेवटच्या एका गोष्टीला देईन: तुमच्या डॉक्टरांचा हात कशावर बसलेला आहे. ज्यांनी आयुष्यभर खालून ऑपरेशनं केली त्यांनी तुमच्यासाठी म्हणून दुर्बीण हातात घेऊ नये. ज्यांची दुर्बीण सफाईची आहे त्यांनी पाहुण्यांच्या आग्रहाखातर पोट उघडू नये.

खालून केलं तर अंडाशय काढता येतात का?

येतात, पण दर वेळी नाही. अंडाशयाला रक्त देणारी मोठी शीर पोटाच्या मागच्या बाजूनं, वरून खाली येते. पिशवी खाली ओढून घेता येते, कारण तिची मुळं खाली आहेत. अंडाशयाचं मूळ वर आहे. अंग सैल असलेल्या, तीन-चार बाळंतपणं झालेल्या बाईत अंडाशय हलक्या हातानं खाली घेऊन शिरेला चिमटा लावता येतो. अंडाशय वर चिकटलेला असेल, त्यावर गाठ असेल, बाईचं एकही बाळंतपण खालून झालेलं नसेल, तर ते जोखमीचं होतं.

जोखीम कशाची? त्या शिरेच्या अगदी शेजारून मूत्रनळी जाते, मूत्रपिंडातली लघवी खाली मूत्राशयात आणणारी. अंडाशय ठेवायचा असेल तर अंडाशय आणि पिशवी यांच्या मधून कापतात. काढायचा असेल तर त्या शिरेवरच चिमटा लावावा लागतो, म्हणजे मूत्रनळी जास्त जवळ येते. दुर्बिणीच्या पडद्यावर मी ती हजारदा पाहिली आहे: पातळ पडद्याआड एक फिकट दोरी, मधूनच गांडुळासारखी आकसून पुढे सरकते. ती तशी हलली की सर्जन म्हणतात "ही बघा, ही युरेटर", आणि मगच शीर भाजून कापतात. अंडाशय काढायचेच आहेत आणि ते वर आहेत, अशा वेळी दुर्बिणीचा खरा फायदा हा असतो. पोटावर टाके दिसत नाहीत, हा फायदा त्यानंतरचा.

अंडाशय खालून नीट हाताला येत नसतील आणि काढायचं कारणही भक्कम नसेल, तर ते सोडून देणारा डॉक्टर चांगला. कारण भक्कम असेल तर आधीच दुर्बीण ठरवावी, किंवा खालून आणि दुर्बीण दोन्ही मिळून करावं. तशी पद्धत आहे.

दुर्बिणीचं म्हणजे लहान ऑपरेशन ना?

बाहेरून लहान. आत पिशवी जिथून कापली तिथले टाके तिन्ही रस्त्यांत तेवढेच असतात. पोटावर चार ठिपके बघून घरची माणसं आठव्या दिवशी बाईच्या डोक्यावर घागर देतात, आणि बाईही नाही म्हणत नाही. आतले टाके उसवण्याचा प्रकार क्वचित होतो, पण झालाच तर दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर थोडा जास्त होतो.

मूत्राशयाला किंवा मूत्रनळीला इजा होण्याचा धोकाही दुर्बिणीत जरा अधिक मानतात. २००४ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत पोटावरून केलेल्यांत ६.२ टक्के आणि दुर्बिणीनं केलेल्यांत ११.१ टक्के बायकांना मोठी गुंतागुंत झाली होती. मध्येच पोट उघडावं लागलं तर तेही त्यांनी गुंतागुंतीत धरलं होतं, आणि तंत्र तेव्हा अजून रुळत होतं. त्याच अभ्यासात दुर्बिणीवाल्या बायकांना दुखलं कमी आणि त्या लवकर सावरल्या, हेही दिसलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही सांगायला हव्यात.

दुर्बिणीनं सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं तर डॉक्टरांवर रागावू नका. आत चिकटलेलं दिसलं, रक्त थांबेना, तर वेळेत पोट उघडणं हा शहाणपणा आहे.

आमच्या डॉक्टरांनी पोटावरूनच करायचं म्हटलंय. दुसरीकडे जाऊ का?

आधी कारण विचारा. पिशवी पाच महिन्यांच्या गरोदरपणाएवढी वाढली असेल, पूर्वीच्या ऑपरेशनांनी आत सगळं चिकटलं असेल, अंडाशयाच्या गाठीत कॅन्सरचा संशय असेल, तर पोटावरून हेच बरोबर. संशयाच्या गाठीला दुर्बिणीनं टोचून फोडणं म्हणजे आजार पोटभर पसरवणं. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या बाईला पोटात वायू भरून, डोकं खाली करून तासभर ठेवणं झेपत नाही, तिथेही पोटावरून किंवा खालून.

फक्त "अंडाशय काढायचे आहेत म्हणून पोट उघडावं लागेल" एवढंच कारण दिलं, पिशवी लहान आहे, गाठ नाही, तर दुर्बिणीचा सराव असलेल्या डॉक्टरांकडे एकदा कागद दाखवा. बेळगावात मेडिकल कॉलेजांना जोडलेली हॉस्पिटलं आहेत, मिरज-कोल्हापूरही फार लांब नाही.

कॅन्सर असेल तर कुठला रस्ता?

इथे आजाराच्या नावाला फार महत्त्व आहे, कारण "पिशवीचा कॅन्सर" म्हणून आपण दोन वेगळे आजार एकत्र करतो.

पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर लवकर सापडला तर दुर्बिणीनं केलेलं ऑपरेशन पोटावरच्याइतकंच चालतं. त्यात दोन्ही अंडाशय आणि नळ्या बहुतेक वेळा काढतात. पिशवी आत तुकडे न करता अख्खी बाहेर आली पाहिजे.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा. त्यात पिशवीभोवतीचा भागही काढावा लागतो. २०१८ साली आलेल्या ६३१ बायकांच्या अभ्यासात दुर्बिणीनं किंवा रोबोनं केलेल्यांपैकी साडेचार वर्षांनी ८६ टक्के आजारमुक्त होत्या, पोटावरून केलेल्यांपैकी ९६.५ टक्के. त्या निकालानंतर जगभर या आजारासाठी पुन्हा पोटावरून करू लागले. इथे कुणी लहान छेदाचं आमिष दाखवलं तर हा आकडा लक्षात ठेवा.

गाठींच्या मोठ्या पिशवीचे दुर्बिणीनं यंत्रात तुकडे करण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ साली इशारा दिला, कारण गाठीत लपलेला कॅन्सर असला तर तो पोटात विखुरतो. तुकडे करावेच लागले तर ते पोटातच एका बंद थैलीत धरून करतात का, ते विचारा.

रोबोनं केलेलं जास्त चांगलं का?

साध्या आजारात निकाल दुर्बिणीसारखाच येतो, खर्च जास्त. त्यासाठी दागिना गहाण ठेवू नका.

माझी दोन सिझर झालीत. खालून किंवा दुर्बिणीनं होईल का?

होतं. सिझरनं मूत्राशय पिशवीला पुढून चिकटतं, ते सोडवताना इजा होऊ शकते, म्हणून सराव लागतो. किती सिझर, कुठे झाली, जखम पिकली होती का, हे सगळं आधी सांगा. जुनी कार्डं असतील तर घेऊन या.

भूल कुठली देतात?

खालून किंवा पोटावरून करायचं तर बहुतेक वेळा पाठीच्या मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. दुर्बिणीला पूर्ण भूल. मिश्री, जर्दा, तपकीर काही असेल तर भुलेच्या डॉक्टरांपासून लपवू नका, आणि महिनाभर आधी बंद करा. हिमोग्लोबिन सात-आठ असताना तारीख घेऊ नका. शिरेतून लोहाचं इंजेक्शन घेतलं तर काही आठवड्यांत चांगलं वर येतं, रक्ताच्या बाटलीची गरज टळते.

दुर्बिणीनंतर दोन दिवस खांदा दुखतो. पोटात उरलेल्या वायूनं ते होतं, हृदयाचं नसतं.

फॉर्म कानडीत आहे, मला वाचता येत नाही. सही करू का?

समजल्याशिवाय नको. मराठीत वाचून सांगणारं कुणी तरी बेळगावच्या कुठल्याही दवाखान्यात असतं: सिस्टर, वॉर्डबॉय मामा, शेजारच्या कॉटवरचे पाहुणे. तुमच्या भाषेत समजावून घेणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कसला? ऐकताना दोन शब्द पकडा. कानडीत पिशवीला गर्भकोश म्हणतात. अंडाशय हा शब्द मात्र कानडीतही अंडाशयच. वाचणाऱ्यानं "एरडु अंडाशय" म्हटलं तर दोन्ही अंडाशय काढायला तुम्ही संमती देताय. "ओंदु" म्हणजे एक. तो शब्द तुमच्याशी झालेल्या बोलण्यात नव्हता तर तिथेच थांबा.

सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची कायद्यानं लागत नाही. आणि नवऱ्याची सही असली तरी तुमच्या सहीची जागा ती घेत नाही. दिल्लीतल्या एका प्रकरणात ४४ वर्षांच्या अविवाहित बाईनं फक्त दुर्बिणीनं तपासणीला संमती दिली होती. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन डॉक्टरांनी पिशवी आणि दोन्ही अंडाशय काढले. सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला की जीव वाचवण्याची तातडी नसताना अशी परवानगी चालत नाही, संमती बाईची आणि नेमक्या त्याच ऑपरेशनची हवी.

आत गेल्यावर अंडाशय खराब दिसले तर काय करायचं, हेही आधी बोलून फॉर्मवर लिहून घ्या. "खराब असेल तरच काढा, एक तरी चांगला असेल तर ठेवा" असं लिहिता येतं.

ऑपरेशननंतर बाहेर ट्रेमध्ये दाखवतात ते का?

घरच्यांना काय काढलं ते कळावं म्हणून. स्टीलच्या ट्रेमध्ये मुठीएवढी, फिकट गुलाबी पिशवी असते. दोन्ही बाजूंना बोटासारख्या नळ्या, आणि अंडाशय काढले असतील तर नळ्यांच्या शेवटी बदामाएवढे पांढरट दोन गोळे. बहुतेक नातेवाईक तोंड फिरवतात. मी म्हणेन, बघा आणि विचारा: अंडाशय आहेत का यात? हे लॅबला कधी जाणार? काढलेलं सगळं फॉर्मॅलिनमध्ये (ते खराब होऊ न देणाऱ्या द्रवात) घालून पॅथॉलॉजीला, म्हणजे लॅबला, गेलंच पाहिजे. रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो, तो हातात घेतल्याशिवाय प्रकरण संपलं असं समजू नका. साध्या गाठी म्हणून काढलेल्या पिशवीत कधी तरी वेगळंच निघतं.

खर्चाचं काय? योजना कुठल्या?

कर्नाटकची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. आधी सरकारी दवाखान्यात जावं लागतं, तिथे झेपत नसेल तर रेफरल पत्रावर पुढे पाठवतात. ते पत्र न घेता खासगीत भरती झालेल्या बायका नंतर पैशांसाठी वणवण करताना मी पाहिल्या आहेत. सहकारी संस्थेचे सभासद असाल तर यशस्विनी योजना विचारा. महाराष्ट्रानं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. तुमचं गाव यादीत असेल तर महाराष्ट्रातल्या योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची मदत करायला बसवलेल्या माणसाला, भेटा. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का, तेवढं घरून निघतानाच बघा.

तपासणीला पुन्हा पुन्हा यावं लागतं. कर्नाटकातल्या बायकांना जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या आत साध्या बसचा प्रवास फुकट आहे, तेव्हा भाड्यासाठी फेरी चुकवू नका.

कामाला कधी लागू शकते?

दुसऱ्या दिवशी उठून चालायचं, तिन्ही रस्त्यांत. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. खालून किंवा दुर्बिणीनं केलं असेल तर तीन-चार आठवड्यांत बसून करायची कामं, पोटावरून केलं असेल तर सहा आठवडे. विडी वळायला बसणाऱ्यांनी तासा-तासानं उठावं. घागर, वैरणीचा भारा, गॅसची टाकी, नातवाला कडेवर घेणं, रोप लावणीतलं वाकणं: सगळ्यांना सहा ते आठ आठवडे बंद, टाके दिसोत वा न दिसोत. नवऱ्याजवळ जाणंही तेवढेच दिवस बंद, आणि हे नवऱ्याला डॉक्टरांनीच समोर बसवून सांगावं. बाईच्या तोंडून सांगितलं की ऐकलं जात नाही.

अंडाशय काढलेत. आता अंगातून वाफा निघतात, झोप येत नाही. हे किती दिवस?

इलाज न करता काढलं तर काही वर्षंही चालतं. काढू नका. वय पंचेचाळीसच्या आत असेल आणि स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, यकृताचा मोठा आजार असं काही नसेल, तर पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घ्यायचा सल्ला देतात. गोळी असते, अंगाला लावायची जेल असते. पिशवी नसल्यानं नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, जोडीला दुसरं हार्मोन बहुतेक लागत नाही. एंडोमेट्रिओसिस असेल तर डॉक्टर वेगळं ठरवतात. योनीतला कोरडेपणा, लघवीची जळजळ यालाही तिथेच लावायचं मलम आहे. बायका याबद्दल बोलत नाहीत आणि वर्षानुवर्षं सोसतात.

कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजचं चालणं, आणि हाडांची घनता मोजणारी तपासणी. नाचणीची भाकरी खाताच, ती खात राहा, पण अंडाशय गेलेल्या तरुण बाईला तेवढ्यावर भागत नाही.

घरी गेल्यावर कशासाठी लगेच परत यायचं?

ताप शंभरच्या वर. पॅड तासाभरात भिजेल एवढं रक्त. घाण वासाचं पाणी. पोट फुगून उलट्या, वारा न सरणं. एका पिंढरीला सूज आणि ठणका, किंवा एकदम दम लागणं. आणि अंडाशय काढलेल्या बायकांनी हे जास्त लक्षात ठेवायचं: कुशीत एका बाजूला वाढत जाणारं दुखणं, लघवी कमी होणं, किंवा खालून सतत पाण्यासारखी लघवी झिरपणं. मूत्रनळीची इजा कधी कधी आठ-दहा दिवसांनी अशी उघडी पडते, आणि लवकर कळली तर मूत्रपिंड वाचतं. रात्र असेल, गाडी नसेल, तर १०८ ला फोन लावा. हा नंबर सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो. जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या, आणि त्यावरची ओळ कुणाकडून तरी आजच वाचून घ्या.